एक्सबॉक्स सीरीज एसवरचे इंटरनेट : वाचायला उत्तम, लिहायला फार अवघड

गेम खेळण्यासाठी घेतलेल्या यंत्रावर इंटरनेट कितपत वापरता येते, या प्रश्नाचे माझे उत्तर सुरुवातीलाच देतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एस या कन्सोलवरचा एज ब्राउझर वाचण्यासाठी इतका चांगला आहे की आमच्या घरात बातम्या, बाजारभाव, हवामान आणि शाळेसाठी लागणारी माहिती आता प्रामुख्याने टीव्हीच्या पडद्यावरच पाहिली जाते. त्याच ब्राउझरमध्ये कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचा बटणांचा रिमोट, हातात धरून चार शब्द लिहायची वेळ आली, आणि ते मराठी असले, तर मात्र हे काम नकोसे होते. हा लेख गेमविषयी नाही. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि दिवसातून केव्हाही जाणाऱ्या विजेवर, एका शिक्षकाच्या घरात हा कन्सोल इंटरनेटचे साधन म्हणून कसा वागतो, याविषयी आहे.

हा कन्सोल नोव्हेंबर 2020 मध्ये बाजारात आला आणि तेव्हा भारतात त्याची किंमत 34,990 रुपये होती. त्यात डिस्क घालण्याची सोय नाही, सगळे काही इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावे लागते. आमच्याकडे तो पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याकडून आला. कन्सोलसोबत आलेल्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, आणि खेड्यात राहणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही, कारण असे सेल गावातल्या किराणा दुकानात केव्हाही मिळतात.

कन्सोलवर ब्राउझर असणे ही जुनी गोष्ट आहे. सेगाच्या ड्रीमकास्टला विसाव्या शतकाच्या अखेरीसच मोडेम आणि ब्राउझर होता, निन्टेन्डोच्या वीवर ऑपेरा होता, सोनीच्या प्लेस्टेशन 3 आणि 4 वर ब्राउझर होता, आणि एक्सबॉक्स 360 वर 2012 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोअरर आला. तरीही आज दुकानात जाऊन विचारणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्लेस्टेशन 5 च्या मुख्य पडद्यावर ब्राउझरचे चिन्हच नाही, आणि निन्टेन्डो स्विचवरही वायफायच्या लॉगिनसारख्या मर्यादित कामांपलीकडे ग्राहकाला तो मोकळेपणाने वापरता येत नाही. सध्याच्या कन्सोलमध्ये पत्ता टाकून हवे ते संकेतस्थळ सरळ उघडायचे असेल तर एक्सबॉक्स हाच व्यवहार्य पर्याय उरतो. 2021 मध्ये त्यावर क्रोमियमवर, म्हणजे गुगल क्रोमचाही पाया असलेल्या सॉफ्टवेअरवर, बांधलेला नवा एज आला आणि त्यानंतर संगणकावर दिसणारी संकेतस्थळे येथेही जवळपास तशीच दिसू लागली.

आधी वाचनाविषयी लिहितो, कारण या यंत्राचे खरे बळ तेथे आहे. मोबाइलच्या पडद्यावर मराठी वाचताना डोळ्यांना किती ताण पडतो, हे पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. रोमन लिपीत अक्षर लहान झाले तरी त्याची आकृती ओळखता येते, पण देवनागरीत शिरोरेघेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि मात्रा असतात, खाली उकार असतात, आणि अक्षर लहान झाले की सर्वांत आधी हीच चिन्हे एकमेकांत मिसळतात. 'कर' आणि 'करे', 'पाणी' आणि 'पाणि' यांतला फरक अंदाजानेच लावावा लागतो. टीव्हीच्या पडद्यावर ब्राउझरचे झूम दीडपट केले की आठ-दहा फुटांवर बसलेल्या माणसालाही रफार स्पष्ट दिसतो. माझ्या आईने मराठी विश्वकोशातील नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली ती या पडद्यावर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेल्या त्या कोशाचे 20 खंड आमच्या गावातल्या कोणाच्या कपाटात असण्याची शक्यता नाही. ते आता बाजेवर बसून वाचता येतात, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

संध्याकाळी शेजारचे कास्तकार येऊन बसतात. "गुरुजी, आज आर्वीत कापूस काय भावानं गेला, पाहून द्या ना जी," असे कोणी म्हटले की राज्य कृषी पणन मंडळाचे पान उघडायचे, पिकाचे आणि बाजार समितीचे नाव यादीतून निवडायचे, आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत उभे राहतात. हिंगणघाटचा दर आणि आर्वीचा दर शेजारी शेजारी ठेवून चर्चा होते. एकाच्या हातातल्या मोबाइलवर चौघांनी वाकून पाहण्यापेक्षा हे पुष्कळ बरे आहे, कारण दर काय आहे यावर वाद होत नाही, माल कोठे न्यायचा यावरच बोलणे होते. पावसाळ्यात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाजही असाच एकत्र बसून पाहिला जातो. त्यात जिल्ह्यांच्या नकाशावर दिलेले पिवळे आणि नारिंगी रंग मोबाइलवर नीट कळत नाहीत, टीव्हीवर वर्धा कोणत्या रंगात आहे आणि यवतमाळ कोणत्या, हे मागच्या ओळीत बसलेल्यालाही दिसते.

पहिल्यांदा जोडताना एक अडचण बहुतेकांना येईल, म्हणून सांगून ठेवतो. बरेच जुने एलईडी टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून दाखवतात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, पण ब्राउझरमध्ये पत्त्याची पट्टी वरच्या कडेलाच असल्यामुळे ती अर्धी गायब होते आणि कन्सोलच बिघडला असा समज होतो. टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलण्याचा जो पर्याय असतो, त्यात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाची निवड केली की पूर्ण चित्र दिसू लागते.

आता कंट्रोलरकडे वळू. त्यावर अंगठ्याने ढकलायच्या दोन लहान दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. एजमध्ये डावी स्टिक ढकलली की पडद्यावरचा बाण फिरतो, उजव्या स्टिकने पान वर-खाली सरकते, ए बटण म्हणजे निवड आणि बी बटण म्हणजे मागे. माऊस आणि स्टिक यांत मूलभूत फरक आहे. माऊस जितका सरकवाल तितकाच बाण सरकतो, म्हणजे हाताची जागा आणि बाणाची जागा यांचे थेट नाते असते. स्टिकचे नाते वेगाशी आहे. ती किती वाकवली यावर बाण किती वेगाने जाणार हे ठरते, आणि ती सोडली की बाण थांबतो. त्यामुळे पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला स्टिक पूर्ण ढकलावी लागते आणि लक्ष्य जवळ आले की सायकलचा ब्रेक दाबावा तशी हळूहळू सैल करावी लागते. गेम खेळणाऱ्या मुलांच्या अंगठ्यात हे मुरलेले असते. माझ्या पिढीच्या माणसाला काही दिवस बाण लक्ष्याच्या पुढे निघून गेल्याचा अनुभव येतो, मग हळूहळू जमते. मोठी चित्रे, मथळे, जाड बटणे यांवर नेम सहज बसतो. खरी कसोटी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर लागते, जेथे जाहिरात अर्धे पान व्यापते आणि ती बंद करण्याची फुली मोहरीएवढी असते. एक्सबॉक्सवरच्या एजमध्ये जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, बसवता येत नाहीत, त्यामुळे त्या फुलीवर नेम धरण्यावाचून दुसरा उपाय नाही. येथेही झूम वाढवण्याचा फायदा होतो, कारण फुलीही त्याच प्रमाणात मोठी होते.

वाचनापुरते हे सगळे सुसह्य आहे, कित्येकदा आनंददायकही आहे. लिहायची वेळ आली की चित्र पालटते.

लिहिण्याच्या चौकटीवर ए दाबले की पडद्याच्या खालच्या भागात कन्सोलचा स्वतःचा की-बोर्ड उघडतो. त्यात काही सोयी विचारपूर्वक दिलेल्या आहेत. एक्स बटणाने मागचे अक्षर खोडले जाते, वाय बटणाने जागा सुटते, कंट्रोलरच्या वरच्या कडेला, खांद्यावर, असलेल्या दोन बटणांनी लिहिलेल्या मजकुरात डावीकडे-उजवीकडे जाता येते. ही बटणे लक्षात राहिली की वेग वाढतो, कारण प्रत्येक वेळी स्पेसच्या पट्टीपर्यंत जावे लागत नाही. पण मूळ दुखणे अक्षरांच्या मांडणीत आहे. इंग्रजी की-बोर्डवरची क्वर्टी ही मांडणी 1870 च्या दशकात टंकयंत्रासाठी तयार झाली आणि पुढे ती दहा बोटांची मांडणी म्हणून रुजली. दहा बोटे जेथे एकाच वेळी आपापल्या जागी थांबलेली असतात तेथे अक्षरे विखुरलेली असण्याने काही बिघडत नाही, उलट दोन्ही हातांना आलटून पालटून काम मिळते. कंट्रोलरवर मात्र पूर्ण की-बोर्डावर फिरणारे एकच बोट आहे असे समजावे, आणि ते बोट एका वेळी एकच घर सरकते.

'कापूस' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पाहू. के पासून ए पर्यंत सात घरे डावीकडे यावे लागते. ए पासून पी पर्यंत नऊ घरे उजवीकडे आणि एक वर, म्हणजे दहा. पी पासून यू तीन घरे. यू पासून एस पर्यंत पाच डावीकडे आणि एक खाली. पाच अक्षरांच्या एका शब्दासाठी 26 घरांचा प्रवास आणि त्यावर पाच वेळा बटण दाबणे आले. स्टिक दाबून धरली तर घरे भराभर सरकतात, पण मग पी ऐवजी ओ वर थांबणे किंवा पी च्याही पुढे जाणे हे नेहमीचे. 'सोयाबीन' किंवा 'हिंगणघाट' लिहायचे म्हटल्यावर घरातले प्रत्येक जण कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात देतो.

याहून त्रासदायक गोष्ट सरकारी कामांच्या पानांवर दिसते. जमिनीच्या नोंदींच्या महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनास्वाक्षरी सातबारा पाहायचा असेल तर जिल्हा, तालुका आणि गाव निवडावे लागते. तेथपर्यंत सगळे यादीतून निवडायचे असल्यामुळे कंट्रोलरने बरे जमते, फक्त गावांची यादी लांब असल्याने धीर धरावा लागतो. पुढे गट क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहायचा असतो आणि शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरायची असतात. कन्सोलचा की-बोर्ड उघडला की तो पानाचा खालचा भाग झाकतो आणि नेमके ते चित्र पुष्कळदा त्याच्याखाली जाते. उपाय म्हणून मी आता ती अक्षरे आधी कागदावर टिपून घेतो, मगच चौकट उघडतो. एका शासकीय सेवेचा अर्ज भरताना मोबाइलवर आलेला ओटीपी पाहून तो कंट्रोलरने भरेपर्यंत मुदत संपली आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तेव्हापासून अर्ज भरण्याचे काम टीव्हीवर करायचे नाही असा घरात नियम आहे. कागदपत्रे जोडायची असली किंवा छापील प्रत हवी असली तर हे यंत्र तसेही उपयोगाचे नाही, त्यासाठी तालुक्याला सेतू केंद्रात जाणे किंवा मोबाइलवरच काम करणे भाग आहे.

पासवर्डविषयी तर स्पष्ट इशाराच द्यायला हवा. चौकटीत लिहिलेली अक्षरे ठिपक्यांच्या रूपात दिसतात हे खरे, पण की-बोर्डवर प्रत्येक अक्षर निवडताना ते घर मोठ्या पडद्यावर उजळते, आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ते दिसते. मोबाइलवर पासवर्ड अंगठ्याखाली लपतो, टीव्हीवर तो सर्वांसमोर एकेक अक्षर करून मांडला जातो. बँकेचे काम या पडद्यावर कधीही करू नये. ज्या घरात संध्याकाळी चार माणसे येऊन बसतात तेथे तर ईमेलचा पासवर्डही लिहू नये.

आता मराठीकडे येतो. एक्सबॉक्सच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, म्हणजे मेनूही मराठीत नाहीत. प्लेस्टेशनवरही तीच स्थिती आहे. ब्राउझर मराठी पाने उत्तम दाखवतो, जोडाक्षरे तुटत नाहीत, 'ऱ्या'मधला रकारसुद्धा नीट येतो, पण त्याच मराठीत एक शब्द लिहून शोधायचा तर वाट वाकडी आहे. रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहिला तरी गुगलला तो बहुतेक वेळा कळतो, आणि रोजच्या शोधासाठी आम्ही तेच करतो. अचूक मराठी शब्दच हवा असेल, उदाहरणार्थ विश्वकोशातील एखादी नोंद, तर गुगलची भाषा मराठी ठेवून शोधाच्या चौकटीतले की-बोर्डचे चिन्ह निवडावे. पानावरच देवनागरी कळांचा फलक उघडतो आणि बाणाने एकेक कळ टिपता येते. तेथे इनस्क्रिप्ट मांडणी घेतली तर 'वर्धा' असे लिहिले जाते : व, र, हलन्त, मग शिफ्ट, मग ध, मग काना. एका जिल्ह्याच्या नावासाठी सहा वेळा नेम धरायचा. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेली, अतिशय तर्कशुद्ध मांडणी आहे. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, ही तिची रचना दोन हातांनी लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडते. पण कंट्रोलरचा बाण धरून लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षरासाठी फलकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावावे लागते, कारण मराठीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनामागे मात्रा असते.

येथे मला जे मनापासून म्हणायचे आहे ते सांगतो. कंट्रोलरवर लिहिणे मुळातच संथ असते असे नाही. व्हॉल्व्ह कंपनीने 2012 मध्ये स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानाच्या बिग पिक्चर या, टीव्हीवर वापरायच्या, सोयीसोबत एक निराळा की-बोर्ड दिला होता. त्यात फुलासारख्या आठ पाकळ्या होत्या आणि प्रत्येक पाकळीवर चार अक्षरे. डावी स्टिक ज्या दिशेला ढकलाल ती पाकळी निवडली जाई, आणि ए, बी, एक्स, वाय यांपैकी एक बटण दाबले की त्या पाकळीवरचे अक्षर उमटे. घरामागून घर सरकण्याची गरजच नाही. प्रत्येक अक्षराला एक दिशा आणि एक दाब, बस्स. इंग्रजीसाठी त्यात एकच अडचण होती, की कोणते अक्षर कोणत्या पाकळीवर आहे हे वर्णानुक्रमाने पाठ करण्यापलीकडे लक्षात ठेवायला दुसरा आधार नव्हता.

मराठीत तो आधार प्रत्येक मुलाला पहिलीतच मिळालेला असतो. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार वर्गांत लावलेली आहे. क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध, प फ ब भ, हे पाच वर्ग झाले, आणि प्रत्येकात अनुनासिक सोडले तर नेमकी चार अक्षरे आहेत. य र ल व ही पुन्हा चार. श ष स ह ही पुन्हा चार. आठव्या पाकळीवर ळ, क्ष, ज्ञ आणि स्वर सुरू करण्यासाठी अ. आठ पाकळ्या आणि चार बटणे यांत आपली व्यंजने अशी बसतात की जणू तो फलक त्यांच्यासाठीच आखला होता. ङ, ञ, ण, न, म ही अनुनासिके त्या त्या वर्गाची पाकळी निवडून खांद्यावरचे बटण दाबले की यावीत. उजवी स्टिक तर मोकळीच आहे. तिच्या दिशांवर काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि अनुस्वार ठेवता येतील. ट्रिगर, म्हणजे तर्जनीने ओढायचे मागचे बटण, दाबला की हलन्त, म्हणजे जोडाक्षर. या पद्धतीने 'कापूस' म्हणजे क, काना, प, दीर्घ उकार, स, अशा पाच हालचाली. त्यासाठी फलकाकडे पाहण्याचीही फार गरज पडणार नाही, कारण त वर्ग ट वर्गानंतर येतो हे शाळेत गेलेल्या कोणालाही विचारावे लागत नाही.

मी हे माझ्या शाळेतल्या मुलांसमोर फळ्यावर आठ पाकळ्या काढून करून पाहिले. एका मुलाने हवेतच अंगठा हलवून दिशा सांगायची आणि दुसऱ्याने बटणाचे नाव घ्यायचे, असा खेळ केला. चौथीच्या मुलांना 'धामणगाव' आणि 'पुलगाव' ही नावे लिहायला काहीच वेळ लागला नाही. ज्यांना इंग्रजी की-बोर्डवर एल कोठे आहे ते शोधावे लागते, त्यांना ल कोणत्या पाकळीवर असणार हे शोधावे लागले नाही. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी मराठी, हिंदी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी असा फलक दिला, तर कोट्यवधी लोकांची सोय होईल, आणि त्यासाठी कंट्रोलरमध्ये एकही नवे बटण लागणार नाही. पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी निदान पानावर चालणारा असा फलक तरी बनवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तोपर्यंत काय करायचे, याचे व्यवहारी मार्ग आहेत. सर्वांत उपयोगी मार्ग असा : मोबाइलवरही एज ब्राउझर घ्यायचा, दोन्हीकडे एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करायचा, आणि जे पान टीव्हीवर पाहायचे असेल ते मोबाइलवर शोधून आवडत्या पानांत साठवायचे. सिंक, म्हणजे दोन्ही यंत्रांवरच्या याद्या आपोआप सारख्या ठेवण्याची सोय, चालू असेल तर ते थोड्या वेळाने टीव्हीवरच्या यादीत दिसते आणि तेथे केवळ ए दाबून उघडते. आमच्याकडे या यादीत पणन मंडळ, हवामान केंद्र, विश्वकोश, मराठी विकिपीडिया आणि दोन वृत्तपत्रे कायमची आहेत, त्यामुळे आठवडेच्या आठवडे कोणाला की-बोर्ड उघडावा लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एक्सबॉक्सचे मोबाइल ॲप. त्यातल्या रिमोटच्या सोयीने कन्सोलवरच्या चौकटीत मोबाइलच्या कळफलकावरून लिहिता येते, आणि इंग्रजी पत्ते लिहिण्यासाठी ते पुरेसे आहे. तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे. या कन्सोलला तीन यूएसबी जागा आहेत, त्यांतल्या एकीत संगणकाचा साधा की-बोर्ड आणि दुसरीत माऊस लावला की एज दोन्ही ओळखतो. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या काहीशे रुपयांच्या की-बोर्डने इंग्रजी लेखनाचा प्रश्न पूर्ण सुटतो. देवनागरीचा मात्र सुटत नाही, कारण कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटवायचे हे कन्सोलच ठरवतो.

खेड्यातल्या वापराविषयी थोडे. पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटवरून मोठे अपडेट उतरवून घ्यावे लागते. ते मोबाइलच्या रोजच्या डेटात बसत नाही, म्हणून ते काम शहरातल्या नातेवाइकाच्या वायफायवर करून मगच यंत्र गावी आणावे. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये याची खबरदारी घ्यावी, घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, राउटर आणि कन्सोल त्याच्यावरच जोडावेत. कन्सोलच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' ऐवजी वीज वाचवणारा 'शटडाउन' पर्याय निवडावा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण रात्रभर यंत्र अर्धवट जागे राहत नाही. बोंडातून कापूस निघण्याच्या दिवसांत घरात धूळ आणि तंतू फार उडतात, तेव्हा मागची आणि वरची जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करत राहावी.

कंट्रोलरचे आयुष्य हा शेवटचा मुद्दा, आणि इंटरनेटसाठी वापरणाऱ्याला तो गेम खेळणाऱ्यापेक्षा अधिक भोवतो. साध्या कंट्रोलरच्या स्टिकखाली जे सेन्सर असतात त्यांत एक पट्टी सतत घासली जाते. कोणत्याही कंपनीचा असो, वापराने आणि धुळीने ती झिजली की स्टिक सोडल्यावरही बाण हळूहळू एका बाजूला सरकत राहतो. गेममध्ये थोडी सरक खपून जाते, ब्राउझरमध्ये लहान फुलीवर नेम धरताना ती असह्य होते. म्हणून जुना कन्सोल विकत घेत असाल तर दुकानातच ब्राउझर उघडावा, बाण पडद्याच्या मध्यावर आणावा, दोन्ही अंगठे उचलावेत आणि एक मिनिट नुसते पाहत राहावे. बाण जागचा हलला, तर कंट्रोलर बदलून मागावा किंवा किंमत कमी करून घ्यावी. नवा कंट्रोलर घ्यायचाच असेल तर चुंबकावर चालणाऱ्या, हॉल इफेक्ट प्रकारच्या स्टिक असलेला शोधावा, कारण त्यात घासणारी पट्टी नसते. फक्त तो एक्सबॉक्सला चालतो असे खोक्यावर स्पष्ट लिहिले आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचून घ्यावे.